सावळा रंग आणि वीस हजारांचा मॉनिटर

लग्नाच्या अल्बमची प्रिंट लॅबमधून घरी आली की बायका सगळ्यात आधी नवरीचा चेहरा बघतात. डेकोरेशन, पंगत, वरात हे सगळं मागाहून. आणि चेहरा बघून जे वाक्य निघतं ते या धंद्यातल्या प्रत्येक एडिटरने ऐकलेलं असतं, "किती काळी आलीय हो ही!" ते वाक्य फोटोग्राफरकडे जातं, फोटोग्राफर ते लॅबवाल्याला ऐकवतो, लॅबवाला सांगतो की फाइलच तशी होती, आणि संध्याकाळी फोन मला येतो.

मी मुलुंड पूर्वेला राहते आणि घरूनच अल्बमचं काम करते. फोटो निवडणं, रंग सुधारणं, टचिंग, मग पानं लावणं. काम देणारे फोटोग्राफर घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीचे. कधी ते हार्ड डिस्क घेऊन येतात, कधी मी घाटकोपरला उतरून मेट्रो पकडते. पैसे अल्बमच्या शीटवर ठरतात. एखादी शीट परत आली की तिची कमाई गेली, वर फोटोग्राफरचा आपल्यावरचा विश्वास थोडा हलतो, आणि या कामात तेच खरं भांडवल असतं.

"काळी आलीय" या तक्रारीत दोन निराळ्या गोष्टी गुंतलेल्या असतात. कधी प्रिंट खरोखरच अंधारी आलेली असते. कधी मुलगी मुळातच सावळी असते आणि घरच्यांना ती अल्बममध्ये गोरी हवी असते. पहिली अडचण तांत्रिक आहे आणि ती सोडवणं माझं काम आहे. दुसरीत दुरुस्त करण्यासारखं काही नाही. पण समोरच्या स्क्रीनचा भरवसा नसेल तर एडिटरला हा फरक करताच येत नाही. तो धास्तीपोटी सगळेच चेहरे उजळ करून ठेवतो, म्हणजे बोलणी खायला नकोत. त्यात सावळ्या मुलीचा चेहरा राखाडी, निस्तेज होऊन छापला जातो, आणि तो अल्बम तिच्याकडे पन्नास वर्षं राहतो. मला मॉनिटर हवा होता तो एवढ्यासाठी: प्रिंट अंधारी आहे की मुलगी सावळी आहे, हे मला खात्रीने कळावं. बजेट वीस हजारांचं होतं.

त्याआधी काम लॅपटॉपवर चालायचं. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात पॅनेलपुढे '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं असतं. एनटीएससी हे अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीचं १९५३ सालचं माप. आज इंटरनेटवर, फोनवर, लॅबमध्ये ज्या एसआरजीबी मापात फोटो फिरतात ते क्षेत्रफळाने एनटीएससीच्या ७२ टक्क्यांच्या आसपास भरतं. म्हणजे ४५ टक्केवाला पॅनेल एसआरजीबीचे दोन तृतीयांश रंगही धड दाखवत नाही. हळदीचे फोटो उघडले की ते लगेच दिसतं. ओल्या हळदीचा पिवळा फिका, हिरवट होतो. कुंकू नारिंगीकडे झुकतं. हिरव्या चुड्यातला हिरवा मरतो. अशा स्क्रीनवर डोळ्यांना बरं वाटेपर्यंत रंग भरत गेलं की फाइलमध्ये लाल चॅनेल २५५ला जाऊन आपटतो, आणि गालावरचा ओला थर नि हातावरची सुकलेली हळद छपाईत एकाच सपाट पिवळ्या डागात मिसळून जातात. झेंडूच्या माळांचंही तेच होतं, पाकळ्या संपतात आणि नुसते नारिंगी गोळे उरतात.

आमच्या धंद्यात खरेदीला वेळ मिळतो तो पावसाळ्यात. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, मग तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत. वैशाखातले तुंबलेले अल्बम संपवायचे, डिस्क रिकाम्या करायच्या आणि काय मोडलंय, काय बदलायचंय ते बघायचं. अशाच दिवसांत मी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडवर गेले. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी कॉम्प्युटरवाल्यांच्या तोंडी जुनंच नाव आहे. ऑनलाइन सेलमध्ये चार पैसे वाचले असते, पण मॉनिटर मला डोळ्यांनी बघून घ्यायचा होता, आणि तोही माझ्याच फोटोंनी.

जाताना बरोबर दोन गोष्टी नेल्या. एक पेन ड्राइव्ह आणि त्यातल्याच एका फाइलची लॅबमधून काढलेली प्रिंट. ही प्रिंट काढताना लॅबवाल्या दादांना 'नो करेक्शन' असं बजावून सांगावं लागतं. मिनिलॅबवर बसलेला ऑपरेटर सवयीने प्रत्येक फोटोची डेन्सिटी आणि रंग एक-दोन पायऱ्या पुढेमागे करत असतो. त्याचा हेतू चांगलाच असतो, पण मग त्या प्रिंटवरून आपल्या स्क्रीनबद्दल काहीच कळत नाही. माझ्या त्या चाचणीच्या पानावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची राखाडी पट्टी होती, एक मोरपंखी पैठणी, हळदीचा एक क्लोजअप, आणि एकाच उजेडात काढलेले तीन चेहरे, एक गोरा, एक गव्हाळ, एक गडद सावळा. ज्याला कमी पैशात मॉनिटर घ्यायचाय त्याने माहितीपत्रकं वाचण्याआधी असं पान बनवून घ्यावं, असं मी आता कोणालाही सांगते.

दुकानात रांगेने लावलेले सगळे स्क्रीन झगझगीत असतात. ब्राइटनेस शंभरवर, रंग 'व्हिव्हिड'वर, पांढरा निळसर, आणि त्यावर एखादा गेम किंवा डोंगरदऱ्यांचा व्हिडिओ. दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, "मॅडम, याच पैशात सत्तावीस इंची कर्व्ह मिळतोय, चोवीस कशाला घेता?" मोह व्हावा असाच तो होता. मी त्यांना एसआरजीबी मोड लावायला आणि ब्राइटनेस खाली आणायला सांगितलं, आणि माझं अल्बमचं पान उघडलं.

करिझ्मा अल्बमची उघडलेली शीट बारा बाय छत्तीस इंचांची असते. ३०० डीपीआयला ३६०० गुणिले १०८००, म्हणजे ३ कोटी ८८ लाख पिक्सेल. पण इथे मुद्दा तिच्या आकाराचा आहे. उंचीच्या तिप्पट लांबी. डावीकडे हळदीतली नवरी, उजवीकडे सप्तपदीतली नवरी, मध्ये अंतरपाट. त्या कर्व्ह मॉनिटरचं पॅनेल व्हीए जातीचं होतं. व्हीएचा काळा रंग गडद असतो, त्याचा कॉन्ट्रास्ट साधारण ३०००:१ भरतो, तर आयपीएस या दुसऱ्या जातीचा १०००:१च्या आसपास. सिनेमा बघायला व्हीए छानच. पण बाजूने बघितलं की त्यातले गडद आणि मधले टोन फिके पडतात. मोठ्या पडद्यासमोर जवळ बसलं की पडद्याच्या दोन्ही कडा आपण बाजूनेच बघत असतो. मी मान थोडी डावीकडे नेली आणि उजवीकडची नवरी धुरकटली. मान उजवीकडे नेली तर डावीकडची. एकाच मुलीचे दोन रंग, आणि माझी मान ठरवणार त्यातला कुठला खरा. त्यातही चाचणीच्या पानावरच्या गोऱ्या चेहऱ्याला फारसा फरक पडला नव्हता, सावळ्या चेहऱ्याला पडला होता, कारण त्याचे टोन बरोबर त्या भागात बसतात जिथे हे पॅनेल घसरतं. बाजूच्या स्वस्त टीएन पॅनेलवर हाच खेळ उभा होता, वरचा चेहरा गडद तर खालचा फिका.

शिवाय सत्तावीस इंचांत तेच १९२० गुणिले १०८० पिक्सेल ताणले की इंचाला ८२ पिक्सेल उरतात. चोवीस इंचात ९२ मिळतात. नथीतले मोती आणि पापण्यांचं टचिंग करणाऱ्याला हा फरक रोज दिवसभर जाणवतो. सत्तावीस घ्यायचाच तर २५६० गुणिले १४४०चा घ्यावा, पण तो माझ्या बजेटच्या बाहेर होता. कर्व्हबद्दल एवढंच सांगते की मंडपाचे खांब सरळ आहेत की नाहीत हे ज्याला बघायचंय त्याने वाकलेला पडदा घेऊ नये.

आयपीएस पॅनेल हिताचीने १९९६ साली बाजारात आणलं. त्यातले कण पडद्याच्या पातळीतच फिरतात, म्हणून बाजूने बघूनही रंग फारसा ढळत नाही. गंमत अशी की एसआरजीबीचा प्रस्तावही त्याच साली आला, एचपी आणि मायक्रोसॉफ्टकडून. १९९९मध्ये त्याचं आंतरराष्ट्रीय मानक झालं. ते माप त्या काळच्या काचेच्या नळीच्या मॉनिटरवरून बेतलेलं आहे. नळ्या भंगारात गेल्या, माप राहिलं.

यानंतरचा प्रश्न सगळे विचारतात. एसआरजीबी इतकं जुनं आणि मर्यादित असेल तर ॲडोबी आरजीबीचा मॉनिटर का घेऊ नये? हे १९९८चं माप मोरपंखी, हिरवट निळ्या रंगांकडे बरंच पुढे जातं. माझ्या ओळखीचे एक बोरिवलीचे गृहस्थ आहेत. दर रविवारी पहाटे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात असतात आणि घरी पिगमेंट शाईच्या प्रिंटरवर स्वतः मोठ्या प्रिंट काढतात. त्यांच्याकडे रुंद रंगक्षेत्राचा मॉनिटर आहे आणि तो असायलाच हवा. खंड्याच्या पाठीवरचा निळा एसआरजीबीत मावत नाही, पण त्यांच्या शाईत मावतो. त्यांना तो स्क्रीनवर दिसला नाही तर ते कशाच्या आधारावर काम करणार?

माझी फाइल मात्र जाते लॅबमध्ये, आणि लॅब मागते एसआरजीबी जेपेग. पैठणीचा मोरपंखी तिथे थोडा कापला जाणारच. तो किती कापला जातोय हे मला आधी दिसणं जास्त महत्त्वाचं. अल्बम छापायच्या आधी घरचे फोटो व्हॉट्सॲपवर बघतात, तिथेही एसआरजीबीच. उलट रुंद रंगक्षेत्राच्या मॉनिटरवर, रंगांची प्रोफाइल न वाचणाऱ्या साध्या प्रोग्रॅममध्ये फोटो उघडला की तोच चेहरा लालबुंद दिसतो. कमी बजेटमध्ये रुंद रंगक्षेत्र विकत घ्यायचं तर पैसे दुसरीकडून कापले जातात, पडदाभर सारखा उजेड असण्यातून किंवा आठ बिटांतून. हे आठ बिटही बघून घ्यावेत. सहा बिटांच्या पॅनेलकडे प्रत्येक चॅनेलच्या ६४ पायऱ्या असतात, बाकीच्या तो पिक्सेल भराभर बदलून भासवतो. आठ बिटांत २५६ पायऱ्या, म्हणजे १ कोटी ६७ लाख रंग. बँक्वेट हॉलच्या भिंतीवर उतरत जाणारा उजेड किंवा गालावरून हनुवटीकडे जाणारी सावली यांत तो फरक पट्ट्यांसारखा उमटतो.

मी शेवटी घेतला तो आसूसचा प्रोआर्ट पीए२४८क्यूव्ही. २४.१ इंच, आयपीएस, एसआरजीबी शंभर टक्के, आणि १९२० गुणिले १२००. वीस हजारांत बसला. बाराशे ओळी मी मुद्दाम बघितल्या होत्या. तिपटीच्या मापाची शीट १९२० रुंदीत पूर्ण बसवली की ती ६४० ओळी उंच होते. उरलेल्या ५६० ओळींत खाली फोटोंची पट्टी आणि वर टूल्स आरामात मावतात. १०८०च्या पडद्यावर ४४० उरल्या असत्या. दिवसभर पानं लावणाऱ्याला ही जागा हाताशी लागते.

खोक्यात कारखान्यातल्या कॅलिब्रेशनचा कागद असतो. डेल्टा ई दोनच्या आत. डेल्टा ई म्हणजे हवा असलेला रंग आणि दिसणारा रंग यांतलं अंतर. एकच्या आसपास ते डोळ्याला जेमतेम कळतं. तो कागद खोटा नसतो, पण तो त्या दिवसाचा, त्या मोडचा, त्या ब्राइटनेसचा असतो. बॅकलाइट जुना होतो, पांढरा पिवळा पडत जातो आणि आपले डोळे त्याबरोबर मुकाट्याने जुळवून घेतात. वाण्याच्या वजनांवर ठरावीक काळाने सरकारी शिक्का बसावा लागतो, तसं स्क्रीनलाही पुन्हा पुन्हा मापून घ्यावं लागतं. त्याचं यंत्र, कॅलिब्रेटर, मॉनिटरच्या निम्म्याहून जास्त किमतीचं. एकट्या एडिटरच्या आवाक्याबाहेरचं, आणि महिन्यातून अर्धा तास लागणारं.

म्हणून आम्ही त्याची भिशी केली. मुलुंडची मी, घाटकोपरचा एक, अंधेरीची एक आणि बोरिवलीचा एक. चौघांनी पैसे घातले आणि एक कॅलिब्रेटर घेतला. महिन्यातून एकदा तो डब्याच्या पिशवीतून मध्य रेल्वेवरून मेट्रोने पश्चिम रेल्वेवर जातो आणि परत येतो. सॉफ्टवेअरचा खर्च नाही. ग्रॅम गिल यांचं आर्गिल आणि त्यावर बेतलेलं डिस्प्लेकॅल फुकट मिळतं आणि उत्तम चालतं. आम्ही चौघांनी एकच माप ठरवलं, पांढरा डी६५, गॅमा २.२, उजेड शंभर निट्स. शंभरचा आकडा लॅबची प्रिंट आणि स्क्रीन शेजारी शेजारी ठेवून ठरला. बहुतेक मॉनिटर अडीचशे-तीनशे निट्सची ताकद घेऊन येतात आणि बरेच जण ते तसेच वापरतात. एसआरजीबीच्या मानकात गृहीत धरलेला उजेड फक्त ८० निट्स आहे. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. तिप्पट उजळ पडद्यावर जो चेहरा ठीक वाटतो तो कागदावर अंधाराच येणार. "काळी आलीय" या तक्रारीतला तांत्रिक भाग, माझ्या अनुभवात त्याचा मोठाच हिस्सा, मॉनिटरवरचं ब्राइटनेसचं बटण खाली आणल्याने गेला. त्याला पैसा लागला नाही.

या भिशीतून एक गोष्ट अशी निघाली जिचा विचार आम्ही केलाच नव्हता. चौघांच्या घरी वेगवेगळ्या कंपन्यांचे मॉनिटर आहेत, पण राखाडी आता चारही ठिकाणी सारखा दिसतो. त्यामुळे एकाच लग्नाचं काम वाटून घेता येतं. हळद मी करते, लग्न घाटकोपरला होतं, रिसेप्शन अंधेरीला, आणि अल्बममध्ये नवरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच मुलगी राहते. वैशाखाच्या घाईत याचा जो आधार वाटतो तो मला शब्दांत नीट सांगता येत नाही.

आता सावळ्या रंगाबद्दल. रंगीत फोटोच्या लॅबमध्ये अनेक दशकं मशीन जुळवायला कोडॅकचं एक कार्ड वापरलं जायचं, त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. धंद्यात त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची त्वचा नीट छापली गेली की मशीन बरोबर आहे असं धरायचं. गडद त्वचेचे टोन त्या हिशेबात नव्हतेच. कोडॅकने वेगवेगळ्या वर्णांच्या बायका असलेली कार्डं काढली ती १९९०च्या दशकात. त्याआधी १९७६ साली आलेल्या मॅकबेथच्या २४ चौकोनांच्या कलरचेकर कार्डाने मात्र एक न्याय केला होता. त्याचा अगदी पहिला चौकोन गडद त्वचेचा आहे, गोऱ्या त्वचेचा दुसरा. एसआरजीबीत त्या पहिल्या चौकोनाचे आकडे साधारण ११५, ८२, ६८ असे येतात आणि दुसऱ्याचे १९४, १५०, १३०. हे आकडे मी स्क्रीनच्या कडेला चिकटवून ठेवलेत. दोन्हींत लाल सर्वांत जास्त, मग हिरवा, मग निळा. जात एकच, फक्त उजेड कमीजास्त. अंधेरीच्या पोस्ट प्रॉडक्शन स्टुडिओंमध्ये सिनेमाचे कलरिस्ट व्हेक्टरस्कोपवर एक तिरकी रेघ बघतात; नीट उजेडात काढलेली कुठल्याही माणसाची त्वचा त्या रेघेच्या आसपासच पडते, मग तो माणूस कोकणातला असो की काश्मीरचा. कारण त्वचेखालचं रक्त सगळ्यांचं लाल आहे.

म्हणून सावळा चेहरा नीट छापायचा तर त्याची रेघ सांभाळायची. हॉलच्या जांभळ्या एलईडीने गालावर चढवलेला रंग काढायचा. डोळ्यांच्या खाचा थोड्या उघडायच्या, जबड्याची कड सावलीतून सुटी करायची, कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर त्वचेची जी तकाकी असते ती अजिबात पुसायची नाही, कारण सावळ्या चेहऱ्याचं सौंदर्य त्या तकाकीत असतं. नुसता एक्स्पोजर वाढवून रंग उतरवला की ती तकाकी आणि बाकीचा चेहरा एक होऊन जातात, आणि राखेसारखं काहीतरी उरतं. हे सगळं काम साठ ते एकशेवीसच्या दरम्यानच्या आकड्यांत चालतं. स्वस्त, न जुळवलेला पडदा नेमका त्याच पट्ट्यात टोन गिळतो. वीस हजारांपैकी बहुतेक रक्कम मी त्या साठ पायऱ्यांसाठी दिली असं मी मानते.

मध्यंतरी एक नवरी मावशीबरोबर अल्बम बघायला घरी आली होती. गडद सावळी, आणि फोटोत इतकी देखणी की मी तिची पानं सगळ्यात शेवटी, सावकाश केली होती. मावशी म्हणाल्या, "अगं ताई, थोडी उजळ कर ना, लोक अल्बम बघतात." मी स्क्रीनशेजारी लॅबची प्रिंट ठेवली, दोन्ही सारखी आहेत हे त्यांना दाखवलं आणि मुलीचा हात प्रिंटशेजारी धरायला सांगितला. मुलगी म्हणाली, "मावशी, मी अशीच आहे. अल्बम असाच राहू दे." मावशींचं समाधान झालं नाही. त्यांच्या भिंतीसाठी एक आठ बाय बाराची प्रिंट मी डेन्सिटी एक पायरी कमी करून दिली, रंग न उतरवता. अल्बम मुलीच्या मर्जीचा गेला. माझा स्क्रीन खरा आहे हे मला ठाऊक नसतं तर त्या दिवशी मी मावशींपुढे ठाम राहू शकले नसते.

खोलीबद्दल थोडं. मॉनिटर कितीही नेमका असो, त्याच्यामागे पोपटी भिंत असेल तर डोळे चेहऱ्यात गुलाबी शोधू लागतात. आमच्या हॉलमध्ये मी एकच भिंत फिक्या राखाडी रंगाने रंगवून घेतली. पावसाळ्यात खिडकीतला उजेड निळसर होतो आणि ढग सरकले की मिनिटामिनिटाला बदलतो, म्हणून दिवसा पडदा ओढलेला असतो. देवघरातला छोटा लाल दिवा स्क्रीनवर उजवीकडे बारीकसा उमटायचा, तर टेबल फिरवून घेतलं. देवघर हलवायचा प्रश्नच नव्हता. प्रिंट बघायच्या उजेडाचंही आंतरराष्ट्रीय मानक आहे, डी५० आणि कामापुरते ५०० लक्स, पण लोक अल्बम घरच्या ट्यूबलाइटखालीच बघणार. मी प्रिंट दोन्हीकडे बघते, आधी खिडकीशी आणि मग स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली. शालूची जर दोन्हीकडे वेगळी दिसते आणि त्याला इलाज नाही.

एवढ्यात बोरिवलीच्या बाभईतल्या एका मुलाने विचारलं, माझ्याकडे बारा हजारच आहेत, हप्त्यावर मोठा घेऊ का? मी त्याला ऑफिसांमधून निघालेल्या मॉनिटरांकडे वळवलं. कंपन्या एकदम शंभर-शंभर मॉनिटर बदलतात आणि ते बाजारात अगदी कमी दरात येतात. त्याला डेलचा यू२४१२एम मिळाला, २०११ साली आलेलं मॉडेल, चोवीस इंच, तोच १९२० गुणिले १२००. सहा बिटांचंच पॅनेल आहे ते, पण आयपीएस आहे आणि त्याच्या किमतीत दुसरं काही त्याच्या जवळ आलं नसतं. पडदा पिवळट झाला होता. कॅलिब्रेटर लावला तर पूर्ण ब्राइटनेसला १४० निट्स निघाले. पांढरा जागेवर आणायला लाल आणि हिरवा खाली ओढावे लागले आणि उजेड ११५ वर आला. आम्हाला लागतात शंभर. उरलेल्या पैशांतून त्याने भिशीचा पाचवा हिस्सा भरलाय आणि एक राखाडी पडदा शिवून घेतलाय. घाटकोपरच्या एका साखरपुड्याचं काम त्याला दिलंय. नो करेक्शनची पहिली शीट शनिवारी लॅबमधून यायची आहे.